27,000 पौंडांच्या पावत्या

1972ची एमजीबी रोडस्टर. लाल रंग, तारांची चाकं, क्रोमचे बंपर, काळा कापडी टप. एका जाहिरातीत किंमत 7,000 पौंड, दुसरीत 18,500. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर यातली महाग कुठली हे मला ओळखता आलं नसतं. बर्मिंगहॅमला राहणारा माझा कोल्हापूरचा मित्र अर्थातच महागातली घ्यायला निघाला होता. स्वस्तातली घेऊन रडत बसण्यापेक्षा एकदाच काय ते पैसे मोजावेत, हे त्याचं म्हणणं. बायकोने मात्र अट घातली होती, आधी जाणकाराला दाखवायची. साडेअकरा हजारांचा फरक नेमका कुठे दडलाय ते बघायला मीही त्यांच्याबरोबर गेलो.

आपल्याकडे एमजी म्हटलं की हेक्टर डोळ्यांपुढे येते. ही त्या नावाची जुनी पिढी. 1962 साली आली आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ऑक्टोबर 1980 पर्यंत बनत राहिली. जीटीसारखी भावंडं धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या. 1798 सीसीचं साधं, दणकट इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, आणि बहुतेक सगळे सुटे भाग आजही नवे मिळतात. अख्खी बॉडीसुद्धा मूळ साच्यांवर पुन्हा बनवली जाते. म्हणूनच हिच्या भावाला एक छत आहे. 36च बनलेल्या फेरारी 250 जीटीओला 2018 साली लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलर मिळाले, कारण सदतिसावी कुठे मिळणार? एमजीबी आवडली नाही, तर पुढच्या गावात दुसरी उभी असते.

गाडी बघायला आलेले गृहस्थ सत्तरीचे. उभा जन्म याच गाड्यांखाली गेलेला. फी ठरलेली. गाडी घेतली काय, न घेतली काय, त्यांना फरक पडत नव्हता. जाहिरात, मालक, मालकांचा क्लब, विमा कंपनी या सगळ्या गर्दीत मला हीच एक गोष्ट भरवशाची वाटली.

मालक भला माणूस. चहा विचारला, आणि कप हातात येण्याआधी फाईल हातात दिली. जाडजूड. 2014 ते 2016 या काळातल्या पावत्या: रंगकाम, कातडी सीटा, नवं क्रोम, नवा टप, वेल्डिंग. बेरीज त्याला तोंडपाठ होती. "27,000 घातलेत मी हिच्यात." शेवटच्या पानावर विमा कंपनीने मान्य केलेली किंमत, 20,000. म्हणजे 18,500 मध्ये तो आमच्यावर उपकारच करत होता, असा एकूण सूर. म्हाताऱ्याने फाईल आदराने चाळली, मिटली आणि बॉनेटवर ठेवली. विम्याचा आकडा कशाचा, ते त्यांनी नंतर सांगितलं. गाडी जळली तर तशीच दुसरी आणायला किती लागतील, तो तो आकडा, आणि तोही बहुधा मालकानेच पाठवलेल्या फोटोंवरून ठरलेला.

त्यांच्या खिशात वेगळाच कागद होता. ब्रिटनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी असते, एमओटी. नंबर टाकला की गाडीचा जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. या गाडीची शेवटची तपासणी एप्रिल 2018ची. पास, पण शेऱ्यात लिहिलेलं: डाव्या सिलला गंज. पुढच्याच महिन्यात, मे 2018 पासून, मोठे फेरफार न झालेल्या चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना या तपासणीतून सूट मिळाली. त्यानंतर हिच्याखाली कुणी अधिकृतपणे डोकावलेलंच नाही.

सिल म्हणजे दाराखालची, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली पोकळ पत्र्याची पेटी. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, त्यामुळे गाडीचा भार बॉडीवरच. त्यातून ही वरून उघडी, छताचा आधार नाही. दोन बाजूंच्या या दोन पेट्या गेल्या की गाडी मधोमध वाकायला लागते. आणि त्या गंजतात आतून, म्हणजे बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत.

आधी गाडी अस्सल आहे का ते बघून झालं. 1974च्या अखेरीस अमेरिकेतल्या नियमांपायी क्रोमचे बंपर गेले, काळे रबरी आले, गाडी उंच झाली. त्या गाड्यांना मागणी कमी, म्हणून पुष्कळांनी त्यांना नंतर क्रोम चढवलं. सीटमागचं झाकण उचललं, तर बॅटरीचे दोन कप्पे. जुन्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, रबरी बंपरवालीत बारा व्होल्टची एक. चेसिस नंबरही जुळला. इथवर मालक खुशीत.

मग ते पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. मीही गुडघे टेकून वाकलो, आणि वास आला. डांबराचा, उग्र, ताजा. पेट्रोल, जुनं रेक्झीन, तापलेलं ऑइल हे वास जुन्या गाडीला असायचेच. हा वेगळा होता. खालचा सगळा पत्रा नुकताच काळ्या अंडरसीलने लिंपलेला. "गंजापासून संरक्षण," मालक म्हणाला. खालून उत्तर आलं नाही, नुसता स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीचा ठकठक आवाज. टण, टण, टण, आणि डाव्या बाजूला मागच्या टोकाशी एकदम बद्द.

बाहेर येऊन त्यांनी रुमालात गुंडाळलेलं चुंबक काढलं. उजव्या सिलवर ते अखेरपर्यंत चिकटून राहिलं. डावीकडे मागच्या चाकाआधी वीतभर जागेत हातातून सुटून पडलं. तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. मग त्यांनी मला पुढच्या मडगार्डचा खालचा काठ दाखवला. तो सिलवर येऊन बसतो, तिथे बारीक फट दिसायला हवी. सिल खरोखर बदलायचा तर पुढचं मडगार्ड उतरवावं लागतं, मागच्याचा खालचा भाग कापावा लागतो. हे टाळायचं तर कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड करायचा, ओल मुरलेल्या भिंतीला दिवाळीत चुना मारावा तसा. उजवीकडे फट होती. डावीकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत.

शेवटी डावी बाजू जॅकने उचलली. दाराची मागची फट वरच्या अंगाला बारीक झाली, आणि दार उघडायला खांद्याचा जोर लावावा लागला.

इंजिन, किंगपिन, ओव्हरड्राइव्ह, सगळं उत्तम निघालं. गरम इंजिनावर ऑइलचं प्रेशर 50च्या वर. ते म्हाताऱ्याने मालकाला मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

हिशोब पाच मिनिटांत झाला. अशी गाडी, अंग निरोगी असतं तर, त्यांच्या मते 15,000ची. सिलचं काम, एक बाजू उघडली की दुसरीही उघडावी लागते, रंगासकट 5,000. चांगलं इंजिन आणि नवा टप यांचे हजारभर परत मिळवले. 11,000.

"पण 27,000 घातलेत मी," मालक म्हणाला. आवाज चढला नव्हता. उलट जरा पडला होता. मला वाटतं त्याला खरंच माहीत नव्हतं. फाईलमधली वेल्डिंगची पावती दोन ओळींची होती, सीटांची पानभर. ज्या गॅरेजने हे काम केलं त्याने याला फसवलं, आणि तो आता तीच फसवणूक, नकळत, माझ्या मित्राला विकत होता. त्या आकड्यात त्याची दोन वर्षंही होती, आणि नंतरचे उन्हाळेही असतील. पण ते उन्हाळे त्याने उपभोगले, त्यांचे पैसे माझ्या मित्राने का द्यावेत? मी या बाबतीत पूर्णपणे म्हाताऱ्याच्या बाजूचा आहे. गाडीची वाजवी किंमत ही तिच्यावर किती गेले यावरून नाही, तर ती नीट करायला अजून किती जातील यावरूनच निघायला हवी. जाहिरातीत बहुतेक जण पहिला आकडा छापतात, कारण दुसरा काढायला चिखलात झोपावं लागतं.

मित्राने 11,000 सांगितले. मालकाने मान हलवून नकार दिला. परतताना गाडीत मित्र रागावला होता तो म्हाताऱ्यावरच. पुढे काही दिवसांनी बघितलं तर जाहिरात तशीच होती, किंमत 16,950 झालेली, आणि मजकुरात एक ओळ वाढलेली: "खालून नुकतंच अंडरसील केलेलं."

तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाच्या मनात अशी गाडी घ्यायचं असेल, तर फोटो बघण्याआधी नंबर टाकून एमओटीचा इतिहास काढा. त्याला पैसे पडत नाहीत. आणि बघायला जाल तेव्हा अंगावर जुने कपडे असू द्या.