वाळवंटातले डोह : पाणी येते कोठून?

वर्षाला शंभर मिलिमीटर पाऊस पडतो तेथे पाणी जास्त टिकेल, की पाच हजार मिलिमीटर पडतो तेथे? वर्गात हा प्रश्न विचारला तर सगळे हात एकाच बाजूने वर होतील. आम्हीही तसेच समजत होतो. मस्कतला नातेवाइकांकडे गेलो असता केलेल्या एका दिवसाच्या सहलीने आम्हाला पुन्हा विचार करायला लावला.

अरबीत ओढ्या-नाल्याच्या दरीला 'वादी' म्हणतात. बहुतेक वाद्या वर्षातून बराच काळ कोरड्या असतात. मस्कतच्या आग्नेयेला सुमारे १४० किलोमीटरवर, तिवी गावाजवळ समुद्राला मिळणारी 'वादी शाब' मात्र त्याला अपवाद आहे. तोंडाशी होडीने पलीकडे जायचे, खजूर-केळीच्या बागा व दगडी पाट ओलांडत तासभर चालायचे आणि मग पाण्यात उतरायचे. पुढचे डोह पोहूनच पार करावे लागतात. शेवटी दोन कड्यांमध्ये जेमतेम डोके मावेल एवढी फट उरते. तिच्यातून आत गेलो तर गुहा, आणि गुहेत धबधबा! बाहेर उघडे बोडके डोंगर, आणि आत हे पाणी कोठले?

उत्तर खडकात आहे. ही दरी चुनखडकात कोरलेली आहे. हा खडक सुमारे चार-पाच कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी, जीवांच्या कवचांपासून साठत गेला. म्हणजे तो कोल्हापूरच्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या पाषाणापेक्षा तरुण आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य कार्बॉनिक आम्ल तयार होते. चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेट या आम्लात हळूहळू विरघळते. लाखो वर्षांत बारीक भेगांचे नळ होतात आणि नळांच्या गुहा. याच डोंगररांगेतील 'मजलिस अल् जिन' या गुहेचे छत सुमारे १२० मीटर उंच आहे! वरच्या पठारावर पडलेला थोडा पाऊस उन्हाने उडून जाण्यापूर्वीच खाली मुरतो आणि दरीत झऱ्यांच्या रूपाने सावकाश बाहेर पडतो.

आता गगनबावड्याकडे पाहू. तेथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही सह्याद्रीतील कित्येक वाड्यांत एप्रिल-मेमध्ये झरे आटतात. बेसॉल्ट चुनखडकासारखा विरघळत नाही. पाणी साठते ते फक्त त्याच्या भेगांत व वरच्या कुजलेल्या थरांत. तीव्र उतारावरून बाकीचे पाणी काही दिवसांत नदीला मिळते. पाऊस किती पडला याबरोबरच तो किती थांबला हेही महत्त्वाचे. मात्र चुनखडक म्हणजे सर्वगुणसंपन्न नव्हे. रुंद नळांतून पाणी गाळले न जाता वाहते, म्हणून वर झालेली घाणही झऱ्यात लवकर उतरते.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. अंड्याचे कवच व बेसॉल्टचा तुकडा लिंबाच्या रसात ठेवा. कवचावर बुडबुडे येतील. दगडावर सहसा येणार नाहीत. फळ्यावरचा खडू मात्र घेऊ नका. तो बहुधा जिप्समचा असतो.

परतताना आमचे लक्ष कड्याकडे गेले. दोन पुरुष उंचीवर एका कपारीत खजुराच्या झावळ्या अडकल्या होत्या. त्या कोणी ठेवल्या नव्हत्या, पुराने ठेवल्या होत्या. वरच्या शंभर चौरस किलोमीटरवर वीस मिलिमीटर पाऊस पडला असे समजू. ते वीस लाख घनमीटर पाणी झाले. जोराच्या पावसात सगळे पाणी मुरू शकत नाही. त्यातले निम्मे जरी तीन तासांत वाहून आले, तरी सेकंदाला नव्वदहून अधिक घनमीटर पाणी त्या चिंचोळ्या फटीतून जाईल. तेव्हा डोक्यावर कदाचित लख्ख ऊन असेल.

पंचगंगेचा पूर आपल्याला वेळ देतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. लोक आकडे पाहत सामान हलवतात. वादीचा पूर वेळ देत नाही. एप्रिल २०२४ मध्ये ओमानमधील अशाच एका पुरात शाळकरी मुलांची गाडी वाहून गेली आणि मुले दगावली.

आपल्याकडच्या घळी आणि धबधब्यांनाही हाच नियम लागू आहे. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी डोक्यावरचे आभाळ पाहून निर्धास्त होऊ नये. पाणलोटात वर पाऊस आहे का, याची चौकशी करावी. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पालापाचोळा वाहू लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून आधी उंचावर चढावे. आणि पाण्यात उतरण्यापूर्वी मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : कड्यावर अडकलेला कचरा किती उंचीवर आहे? उत्तर त्यांनीच शोधले, तर ते विसरणार नाहीत.