गगनबावड्याचें गगन आणि उपग्रहांचें जाळें

आपल्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं एक मुलगा पुण्यास, दुसरा अमेरिकेंत आणि वडीलधारीं माणसें मूळ गांवीं, अशी विभागणी झालेली असते. अशा विखुरलेल्या कुटुंबास बांधून ठेवणारा धागा आज इंटरनेट हाच होय. डोंगरी मुलखांत तो किती कच्चा असूं शकतो, हें गगनबावड्याच्या उदाहरणावरून ध्यानांत येईल.

कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारें ५५ किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेलें हें तालुक्याचें गांव. येथून करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोंकणांत उतरतात. महाराष्ट्रांतील अतिवृष्टीच्या ठिकाणांत या गांवाची गणना होते. दरड कोसळते, झाड उन्मळतें, तार तुटते. आणि ज्या दिवशीं आईवडिलांची खुशाली कळावी, नेमका त्याच दिवशीं घराशीं संबंध तुटतो. ही तार जमिनीवरून न येतां आकाशांतून आली तर?

आकाशांतून संदेश पाठविणें नवें नाहीं. दळणवळणाचे उपग्रह पूर्वींपासून सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवीत आले आहेत. तेथें उपग्रह एकाच जागीं स्थिर भासतो, ही मोठी सोय. परंतु प्रश्नानें वर जाऊन खालीं यावयाचें आणि उत्तरानेंही तोच प्रवास करावयाचा, यांत प्रकाशाच्या वेगानेंसुद्धां जवळजवळ अर्धा सेकंद जातो. संभाषणांत हा खंड जाणवतो. अमेरिकेंतील स्पेसएक्स कंपनीनें २०१९ पासून आपले स्टारलिंक उपग्रह सुमारें ५५० किलोमीटर उंचीवर ठेविले. तेथें हाच प्रवास सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळांत होऊं शकतो. मात्र खालच्या कक्षेंतील उपग्रह सुमारें दीड तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो. आपल्या आकाशांत तो कांहीं मिनिटेंच राहतो. एक मावळला कीं दुसरा उगवला पाहिजे. म्हणून उपग्रह हजारों हवेत. त्यांचें आयुष्यही सुमारें पांच वर्षांचें. पुढें ते वातावरणांत जळून जातात.

हजारों उपग्रह पुनःपुन्हां सोडावयाचे, तर दर खेपेस नवा अग्निबाण समुद्रांत बुडविणें कोणास परवडेल? कोल्हापूरची एस्. टी. गगनबावड्यास पोहोंचतांच दरींत लोटून द्यावी, तसाच हा व्यवहार! फाल्कन ९ या अग्निबाणाचा नऊ एंजिनांचा खालचा टप्पा काम होतांच मागें फिरतो आणि जमिनीवर किंवा समुद्रांतील तराफ्यावर उभाच्या उभा उतरतो. हें प्रथम डिसेंबर २०१५ मध्यें साधलें. उतरलेला टप्पा मार्च २०१७ मध्यें पुन्हां उडाला. वरचा टप्पा मात्र परत येत नाहीं. आपल्या इस्रोनेंही २०२२ व २०२३ सालीं वनवेब कंपनीचे ७२ उपग्रह दोन खेपांत सोडले. तो अग्निबाण परतणारा नव्हता. परंतु पंख असलेल्या 'पुष्पक' यानाच्या उतरण्याच्या चांचण्या २०२३ व २०२४ मध्यें कर्नाटकांतील चित्रदुर्ग जिल्ह्यांत यशस्वी झाल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र शासनानें स्टारलिंकशीं इरादापत्र केलें, तेव्हां गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम या जिल्ह्यांचीं नांवें पुढें आलीं. घाटमाथ्यानें आपली निकड स्वतःच मांडली पाहिजे. पण ती डोळसपणें. मुसळधार पावसाचे थेंब या लहरी शोषून घेतात. दाट झाडी व डोंगरकडे तबकडीपुढील आकाश अडवितात. आणि वीज गेली कीं तबकडीही मुकी. म्हणजे गरज अधिक त्याच दिवशीं ती दुबळी होऊं शकते. शिवाय जाळ्याची किल्ली परदेशी कंपनीच्या हातीं. म्हणून रोजच्या कामास जमिनींत पुरलेली तार आणि संकटसमयीं तबकडी, असा क्रम असावा. रुग्णालय, शाळा व तहसील कचेरी येथें बॅटरीसह एकेक तबकडी बसली, तरी पावसाची सर ओसरतांच पहिला निरोप बाहेर पडेल. ज्यांचे आईवडील घाटमाथ्यावर राहतात, त्यांस त्या एका निरोपाचें मोल सांगावयास नको.