तीन फुल्या

इंग्लंडमध्ये निवडणुकीचं काम कुणाच्या गळ्यात पडत नाही. शाळामास्तरांच्या नावाने ऑर्डरी निघत नाहीत. ज्याला हौस आहे तो कौन्सिलकडे अर्ज करतो आणि दिवसाचे पैसे घेतो. मुख्य अट एवढीच, की त्याने कुठल्या उमेदवाराच्या प्रचारात भाग घेतलेला नसावा. मीही तसाच अर्ज टाकला, आणि ५ मे २०२२च्या गुरुवारी हॅरोतल्या एका वॉर्डात चर्चच्या हॉलमध्ये मतदारयादी पुढ्यात घेऊन बसलो.

हॅरो हे लंडनच्या वायव्येचं उपनगर. जोडघरांच्या रांगा, पुढे मोटारीपुरती जागा, मागे हिरवळीचा तुकडा. गुजराती इथे पूर्वीपासून आहेत. श्रीलंकेचे तमिळ आले, रुमानियाचे आले आणि अलीकडे आपले आयटीवालेही. दर चार वर्षांनी, मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी, ही मंडळी आपले नगरसेवक निवडतात. त्या वर्षी वॉर्डांची फेररचना होऊन ६३ जागांच्या ५५ झाल्या होत्या. वॉर्ड २२, कुठे दोन नगरसेवक, कुठे तीन. आमचा तिघांचा.

सकाळी सातला दार उघडतं, रात्री दहाला बंद होतं, आणि मधल्या वेळात कर्मचाऱ्यांनी केंद्र सोडायचं नाही. डबा घरूनच आणायचा. दार उघडण्याआधी केंद्राध्यक्ष बाईंनी रिकामी पेटी सगळ्यांना आतून दाखवली आणि सील लावलं. मतदान यंत्र नाही, बोटाला शाई नाही, दाराशी बंदूकधारी पोलीस नाही. आडोशाच्या फळीला दोरीने बांधलेली पेन्सिल. मतदार नाव-पत्ता सांगतो, मी यादीत पट्टी ठेवून त्या ओळीवर रेघ मारतो, नंबर आणि नाव मोठ्याने वाचतो. शेजारची सहकारी दुसऱ्या यादीत मतपत्रिकेच्या नंबरापुढे मतदाराचा नंबर लिहिते आणि कागद हाती देते.

ही दुसरी यादी नीट समजून घेण्यासारखी आहे. कुठली मतपत्रिका कुणाला दिली हे तिच्यावरून कळू शकतं. मग मत गुप्त कसलं? तर रात्री ती यादी वेगळ्या पाकिटात सीलबंद होते. कोर्टाच्या हुकमाशिवाय पाकीट फुटत नाही, आणि वर्षभराने सगळे कागद नष्ट करतात. कुणाच्या नावावर दुसराच मत देऊन गेला असेल, तर तो कागद शोधून काढण्याची ही सोय. त्या वर्षी ओळखपत्रही मागायचं नव्हतं. नाव सांगितलं की काम झालं. मला हे पचायला जरा वेळ लागला. नंतर कायदा बदलला. मे २०२३पासून इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुकांना फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. त्यात म्हाताऱ्यांचा बसचा पास चालतो, तरुणांचं रेल्वेचं सवलतकार्ड चालत नाही. असं का, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

दाराबाहेर पक्षांचे कार्यकर्ते छातीवर निळी, लाल फुलं लावून बसतात आणि येणाऱ्याला नंबर विचारतात. सांगायची सक्ती नसते. आपला कोणता मतदार अजून आला नाही हे त्यावरून कळतं आणि संध्याकाळी त्याच्या दारावर थाप पडते. बाकी एकमेकांना चहा आणून देण्याइतपत त्यांचं बरं चाललेलं असतं.

दुपारी एक तरुणी आली. आडनाव वाचतानाच मी ओळखलं. तिने हळूच मराठीत विचारलं, "काका, माझा पासपोर्ट भारताचाच आहे. चालतं ना?"

"यादीत नाव आहे म्हणजे चालतं."

"आणि तिन्ही मतं द्यायलाच हवीत का?"

"हवीतच असं नाही. तीनपर्यंत देता येतात. चौथी फुली मारलीत तर मात्र सगळंच बाद."

केंद्राध्यक्ष बाईंनी मान वर केली. काय बोलणं झालं ते मी त्यांना इंग्रजीत सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

तिला पासपोर्टची शंका आली ते साहजिक होतं. भारत राष्ट्रकुलात असल्याने इथे व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही मत आहे, अगदी पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा. उभं राहायचं तर मात्र कायम वास्तव्याचा परवाना हवा. उलट पुण्याच्या यादीत तिचं नाव असलं, तरी मत द्यायला तिला विमानानेच जावं लागलं असतं. अर्थात त्या मे महिन्यात पुण्या-मुंबईत महापालिकेसाठी मत देण्याचा प्रश्नच नव्हता. मुदती मार्चमध्ये संपून दोन्हीकडे प्रशासक बसले होते.

तिचा दुसरा प्रश्न मात्र खरा मुद्द्याचा होता. पुण्यात चार जणांचा प्रभाग असला, तरी अ, ब, क, ड या चार वेगळ्या निवडणुका असतात. त्यांत आरक्षणं असतात, आणि प्रत्येक जागेसाठी एक मत. इथे सगळे उमेदवार एकाच कागदावर, आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने. महिलांसाठी किंवा आणखी कुणासाठी राखीव जागा नाही. प्रत्येकाला तीन मतं, आणि सर्वांत जास्त मतं मिळवणारे पहिले तिघं नगरसेवक. याचा परिणाम काय होतो, ते मोजणीच्या टेबलावर दिसतं. तिथेही मी नाव दिलं होतं.

आधी पडताळणी. पेटीतले कागद टेबलावर ओततात आणि फक्त संख्या जुळवतात. कागद उताणेच ठेवायचे, कारण नंबर मागे छापलेला असतो. समोर पक्षांचे प्रतिनिधी माना लांब करून फुल्या टिपत असतात, आणि निकालाचा अंदाज त्यांना आमच्याआधी आलेला असतो. मग वॉर्डातल्या पेट्या एकमेकींत मिसळतात, म्हणजे कुठल्या गल्लीने कुणाला मत दिलं हे कळू नये.

नंतर गठ्ठे. एकाच पक्षाच्या तिघांना फुल्या मारलेले कागद वेगळे काढतात. हे काम भराभर होतं, तिन्ही उमेदवारांच्या खाती तेवढीच मतं. उरतात ते मिश्र कागद. दोन फुल्या एका पक्षाला, एक शेजारच्या ओळखीच्या बाईंना. किंवा एकच फुली, बाकी कोरं. हे कागद मोठ्या तक्त्यावर एकावर एक असे सरकवून लावायचे, की प्रत्येकाची उजवी कडा, म्हणजे फुल्यांची पट्टी, तेवढी उघडी राहील. मग एकेका उमेदवाराच्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवत मोजायचं. जुने कर्मचारी या तक्त्यांना 'ग्रास स्कर्ट' म्हणतात. दोघांनी स्वतंत्र मोजायचं, आकडे जुळले नाहीत तर पुन्हा. फुलीऐवजी बरोबरची खूण असली, तरी मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत धरतात. आकडे अगदी समसमान आले तर चिठ्ठ्या टाकतात. २०१७मध्ये नॉर्थम्बरलंडच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात लांब-आखूड काड्या ओढून निकाल लागला, आणि त्या एका काडीने काँझर्व्हेटिव्ह पक्षाचं कौन्सिलमधलं बहुमत हुकलं.

या मिश्र कागदांत एक जुनी गंमतही दिसते. तिन्ही मतं एका पक्षाला न देणारे लोक वरून खाली वाचत येतात आणि मध्येच थांबतात. एकाच पक्षाच्या तिघांत वरच्या आडनावाला पुष्कळदा चार मतं जास्त पडतात. आपल्याकडच्या अभ्यंकर-आपट्यांनी इथे जरूर उभं राहावं, झेंड्यांनी विचार करून.

खरी गोम आहे ती भराभर मोजल्या गेलेल्या गठ्ठ्यांत. एका पक्षाचे गठ्ठे थोडे जरी उंच असले, तरी बहुधा तिन्ही जागा त्याच पक्षाच्या. असं प्रत्येक वॉर्डात घडत गेलं की काय होतं ते पूर्व लंडनमध्ये पाहावं. न्यूहॅममध्ये २०१० आणि २०१४ साली साठच्या साठ जागा लेबरच्या. बार्किंग अँड डॅगनममध्ये २०१०पासून सलग चार निवडणुकांत एक्कावन्नच्या एक्कावन्न. इतर पक्षांना तिथेही मतं पडली होती, पण सभागृहात त्यांचा एकही माणूस नव्हता, आणि कारभाराची तपासणी करणाऱ्या समित्यांवर सत्ताधारीच. हॅरोत २०२२मध्ये काँझर्व्हेटिव्ह ३१, लेबर २४ असा निकाल लागला आणि सत्तापालट झाला. सभागृहात विरोधी बाक भरलेले राहिले, पण तिसऱ्या पक्षाला एक जागाही नाही.

एकेक कागद इतक्या निगुतीने जपणारी माणसं, आणि पद्धत इतकी ढोबळ. माझ्या मते दोष पद्धतीचा आहे आणि तो सुधारता येण्यासारखा आहे. स्कॉटलंडने २००७पासून स्थानिक निवडणुकांत पसंतीक्रम आणला. मतदार १, २, ३ असे आकडे लिहितो, आणि तीन-चार जणांच्या वॉर्डातून बहुधा दोन-तीन पक्षांची माणसं निवडून येतात. मोजणीला मशीन लागतं, हे खरं. लागू दे.

तोवर आहे त्या तीन फुल्या तरी वाया जाऊ नयेत. तुमची मुलगी, सून, भाचा इंग्लंडमध्ये असेल, तर पुढच्या फोनवर विचारा, मतदारयादीत नाव घातलंय का. ऑनलाइन होतं आणि पैसे पडत नाहीत. मतदानाच्या आधी कामाचे बारा दिवस ही शेवटची तारीख असते. जाताना भारताचा पासपोर्ट बरोबर नेला की झालं, तो तिथे चालतो.