एका नावाची तीन काडतुसे

४५-७० हे काडतूस अमेरिकी सैन्याने १८७३ साली स्वीकारले. नावातला पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, इंचाच्या शंभराव्या भागांत मोजलेला. दुसरा काळ्या दारूच्या वजनाचा: ७० ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. पुढे ४०५ हा तिसरा आकडाही जोडत, तो शिशाच्या गोळीच्या वजनाचा. ग्रॅममध्ये सुमारे २६. ही जड, संथ गोळी सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेगाने निघे. स्प्रिंगफील्डच्या ज्या रायफलीसाठी हे काडतूस बनले, तिचे मागचे झाकण पेटीच्या झाकणासारखे वर उघडे. म्हणून तिला ‘ट्रॅपडोअर’ हेच नाव पडले.

सुरुवातीच्या पुंगळ्या तांब्याच्या होत्या. तांबे स्फोटाच्या दाबाने फुगते आणि तसेच राहते, त्यामुळे नळी तापली की पुंगळी आत अडकून बसे. पितळ फुगते, पण लगेच थोडे आक्रसते आणि सुटून येते. सैन्य पितळेकडे वळले आणि १८८० च्या दशकात पुन्हा भरता येतील अशा पुंगळ्या वापरात आल्या. एकच पुंगळी अनेकदा भरता येते, ती पितळेच्या या लवचीकपणामुळे. पुनर्भरणाचा सारा व्यवहार त्यावरच उभा आहे.

१८९२ मध्ये सैन्याने क्रॅग रायफल निवडली आणि ४५-७० मागे पडले. शिकाऱ्यांनी मात्र ते सोडले नाही, कारण तोवर तरफेच्या रायफलींत त्याची सोय झाली होती. चापाभोवतीची तरफ खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, वर घेतली की नवे काडतूस नळीत बसते. मार्लिनने १८८१ मध्ये अशी रायफल आणली. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर १८८६ मध्ये आली. तिची बंदिस्ती दोन उभ्या पट्ट्यांनी होते आणि ती भक्कम आहे. १९७२ मध्ये मार्लिनने १८९५ हे जुनेच नाव देऊन नवी रायफल काढली, तेव्हापासून या काडतुसाला पुन्हा मागणी आली.

घोळ इथूनच सुरू होतो. ट्रॅपडोअर, तरफेची आधुनिक रायफल आणि रुगर नंबर वनसारखी एकफैरी रायफल, तिघींत हेच काडतूस बसते. पण तिघी सारखा दाब सोसत नाहीत. प्रमाणित काडतुसाची मर्यादा चौरस इंचाला २८,००० पौंड इतकीच ठेवली आहे, कारण जुन्या बंदुका अजून वापरात आहेत. काडतुसे भरणाऱ्यांच्या पुस्तिकांत म्हणून दारूच्या मापांचे तीन वेगळे तक्ते असतात. तरफेच्या आधुनिक रायफलीचा तक्ता ४०,००० च्या आसपास जातो, एकफैरीचा त्याहून वर. तिसऱ्या तक्त्यातले काडतूस ट्रॅपडोअरमध्ये बिनतक्रार बसेल, आणि बंदूक फोडेल. शंभर वर्षांच्या विंचेस्टरलाही नव्या पोलादाचा तक्ता लावणे चूकच. डब्यावरचे नाव वाचून काडतूस घेऊ नये. हातातली रायफल कोणती, कोणत्या काळातली, हे आधी पाहावे.

दुसरी अट मॅगझीनची. तरफेच्या बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक राहतात. प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, थेट प्राइमरवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या टोपीवर टेकलेले असते. बार उडताना बंदूक मागे दणका देते, तेव्हा टोकदार गोळी प्राइमरवर सुईसारखी आपटू शकते. त्यामुळे चपट्या नाकाच्या गोळ्याच वापरायच्या. हॉर्नडी कंपनीने पुढे रबरासारख्या मऊ टोकाची गोळी काढून टोकदार आकाराची सोय केली. ती लांब असल्याने तिच्यासाठी पुंगळी मात्र २.१०५ इंचांवरून २.०४० इंचांपर्यंत कापावी लागते.

वजनाची निवड शिकारीवर ठरते. ३०० ग्रेनची पोकळ नाकाची गोळी हरणासाठी चांगली, कारण ती लवकर पसरते. अस्वल किंवा गव्याएवढ्या बायसनसाठी ४०५ किंवा त्याहून जड, कठीण गोळी हवी. अंतराचा विचार सोडता येत नाही: जुन्या वेगाची ४०५ ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर नेम धरून मारली, तर दोनशेवर ती सुमारे दोन फूट खाली लागते. शिशाची ओतीव गोळी नळीच्या खाचांपेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांश भागाने जाड असावी, नाहीतर मागचा वायू कडेने निसटतो आणि नळीत शिसे चिकटते.

पुनर्भरणात पुंगळी आधी पुसून तपासतात. मग डाय नावाच्या साच्यात दाबून मूळ मापावर आणतात, त्याच झटक्यात जुना प्राइमर निघतो. लांबी वाढली असेल तर कापतात. नवा प्राइमर बसवून तोंड किंचित रुंदावतात, म्हणजे गोळी घासत नाही. यानंतर दारू, गोळी आणि शेवटी क्रिम्प.

दारूची पायरी सर्वांत जोखमीची. काळ्या दारूने ही प्रशस्त पुंगळी गळ्यापर्यंत भरायची. गोळीखाली पोकळी राहू द्यायची नाही. बिनधुराच्या दारूचे तसे नाही. झपाट्याने जळणाऱ्या दारूचे माप पुंगळीच्या तळाशीच राहते, त्यामुळे चुकून दोनदा ओतले तरी ती उतू जात नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी साऱ्या पुंगळ्या एका फळीत उभ्या करून, दिव्याखाली प्रत्येकीत डोकावून दारूची पातळी पाहतात. हे काम घाईचे नाही आणि गप्पांचेही नाही.

क्रिम्पमध्ये पुंगळीची कड गोळीवरच्या खाचेत आवळून बसवतात. ती ढिली राहिली तर मॅगझीनची स्प्रिंग आणि दणका मिळून गोळी आत ढकलतात. आतली जागा कमी झाली की दाब चढतो. पूर्ण काडतुसाची लांबी २.५५ इंचांच्या आत हवी, नाहीतर तरफ अडते.

पुंगळी किती वेळा भरावी, हे भरणीच्या जोरावर आहे. तोंडाशी बारीक चीर दिसली किंवा बुडाजवळ चकाकणारे कडे उमटले, की तिचे आयुष्य संपले. अशी पुंगळी पक्कडीने चेपून टाकतात, म्हणजे ती चुकूनही पुन्हा डब्यात येत नाही.