६२ पुस्तकं आली, पण हशा पिकला नाही

इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर हे-ऑन-वाय हे जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे. मे महिन्याच्या अखेरीस तिथे मोठा साहित्य महोत्सव भरतो. बरीच वर्षं त्याच सुमारास एखादा नामवंत कादंबरीकार चक्क डुकराशेजारी उभा राहून फोटो काढून घेताना दिसायचा. त्या डुकराला त्याच्या कादंबरीचं नाव दिलेलं असायचं.

हा मान बोलिंजर एव्हरीमन वुडहाऊस पारितोषिकाचा. इंग्रजी विनोदी कथासाहित्यासाठी ते २००० साली सुरू झालं. विजेत्याला शॅम्पेनची चार बाटल्यांएवढी एक थोरली बाटली आणि विनोदी लेखक पी. जी. वुडहाऊसच्या पुस्तकांचा संच मिळतो. डुक्कर कशासाठी, हे वुडहाऊसच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. त्याच्या कथांमधल्या लॉर्ड एम्सवर्थचा जीव की प्राण असलेली, श्रॉपशायरच्या कृषी प्रदर्शनात पदकं पटकावणारी डुकरीण, ‘एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज’! ती काळी बर्कशायर होती. पारितोषिकाचं डुक्कर मात्र ठिपक्यांच्या ग्लॉस्टरशायर ओल्ड स्पॉट जातीचं असतं.

२०१८ साली हे डुक्कर बिननावाचं राहिलं. ६२ पुस्तकं आली होती. परीक्षकांनी ती वाचली आणि पारितोषिक कुणालाच द्यायचं नाही असं ठरवलं. परीक्षकांपैकी एक, एव्हरीमनचे प्रकाशक डेव्हिड कॅम्पबेल, यांनी कारणही जाहीर केलं: वाचताना ओठांवर स्मित पुष्कळदा आलं, पण सगळे परीक्षक एकमुखाने खळखळून हसले असं एकही पुस्तक निघालं नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. भाषा, आशय, सामाजिक भान या निकषांवर काहीतरी निवडून वेळ निभावून नेता आली असती. त्यांनी विनोदाला त्याच्याच कसोटीवर घासलं. पुढच्या वर्षीची बाटली मात्र आठ बाटल्यांएवढी करायचं ठरलं.

पण गोष्ट तिथेच थांबली नाही. आयरिश कादंबरीकार मॅरियन कीज यांनी त्याच वर्षी हे-ऑन-वायच्या महोत्सवात रोखठोक सवाल केला: इतक्या वर्षांत फक्त तीनच स्त्रियांना हा मान कसा? हा सवाल मला परीक्षकांच्या निर्णयाइतकाच रास्त वाटतो. हसू हाच निकष असेल, तर हसणारे कोण आहेत हे पाहावंच लागतं. चार माणसं हसली नाहीत म्हणून पुस्तक विनोदी नाही असं ठरत नाही. २०१९ साली पारितोषिक नीना स्टिबी यांच्या ‘रीझन्स टू बी चिअरफुल’ला मिळालं.

या पारितोषिकाच्या इतिहासात योगायोगही गमतीचे आहेत. कादंबरीकार इयन मॅक्युअन यांनी विनोदी कादंबऱ्यांबद्दलची नावड उघड बोलून दाखवली होती. कुणीतरी जमिनीवर लोळवून बळेच गुदगुल्या कराव्यात तशा त्या त्यांना वाटत. २०१० साली त्यांच्याच ‘सोलर’चं नाव डुकराला मिळालं. एडवर्ड सेंट ऑबिन यांनी ‘लॉस्ट फॉर वर्ड्स’मध्ये साहित्य पुरस्कारांच्या कारभाराची खिल्ली उडवली, आणि २०१४ साली त्याच कादंबरीला हा पुरस्कार मिळाला. टेरी प्रॅचेट यांना २०१२ साली तो मिळाला ‘स्नफ’साठी. अल्झायमर्समुळे टंकलेखन अवघड झालं होतं, म्हणून ही कादंबरी त्यांनी बोलून उतरवून घेतली होती.

माझ्या मते सर्वांत धाडसी निवड २०२२ची. पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘द ट्रीज’ ही अमेरिकेत जमावाने केलेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांवरची कादंबरी आहे. तिच्या मुळाशी १९५५ साली मिसिसिपीत मारला गेलेला चौदा वर्षांचा एमेट टिल आहे. अशा पुस्तकाला विनोदाचं पारितोषिक देणाऱ्यांना विनोदाची ताकद नेमकी कळलेली असते.

आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत विनोदासाठी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. त्याच्या परीक्षकांना एक विनंती: निकालाबरोबर चार ओळींचं टिपणही द्या. पुस्तकातल्या कोणत्या जागी तुम्ही मनापासून हसलात, एवढंच त्यात लिहा. आणि तशी जागा एकाही पुस्तकात सापडली नाही, तर तेही निःसंकोच सांगा.