अंबाडीचा रंग कुठे जातो?

हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या रैतू बाजारात गोंगुरा म्हणून मिळते ती आपली अंबाडीच. जुडी घेताना पानं हिरवीगार असतात. कढईत पडली की बघता बघता शेवाळी-तपकिरी होतात. पालक इतक्या चटकन रंग सोडत नाही. मग अंबाडीचंच असं का?

पानाच्या पेशीत हरितलवकं असतात आणि त्यांच्या आत पातळ पटलांच्या चवडी. हरितद्रव्य राहतं ते या पटलांत, प्रथिनांना बिलगून. लाल माठ उकळला की पाणी गुलाबी होतं, कारण त्याचा लाल रंग पेशीतल्या पाण्यात विरघळलेला असतो. हरितद्रव्याला मात्र लांब, तेलकट शेपूट असतं, म्हणून ते पाण्यात उतरत नाही.

पटलात ते एकटंही नसतं. चिनी शास्त्रज्ञांनी २००४ साली पालकातल्या प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनाची रचना बारकाईने मांडली. प्रथिनाच्या एकेका घटकात हरितद्रव्य-अ चे ८ रेणू, हरितद्रव्य-ब चे ६ आणि पिवळ्या कुळातले ४! अ आणि ब प्रकाशाचे थोडे वेगवेगळे रंग टिपतात. पिवळ्यांचं मोठं काम राखणीचं: हैदराबादच्या मे महिन्यातल्या उन्हात पेलवणार नाही इतका प्रकाश आला, की जादा ऊर्जा उष्णता करून सोडून द्यायला ते मदत करतात. हिरव्या रंगाखाली झाकलेले हे पिवळे एरवी दिसतच नाहीत.

आता कढईकडे वळू. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आचेने पेशी फुटतात, अंबाडीतलं आम्ल पटलांपर्यंत पोचतं, मॅग्नेशियमला हुसकावतं आणि त्याच्या जागी दोन हायड्रोजन बसतात. उरतं ते मळकट रंगाचं फिओफायटिन.

खरी गंमत पुढे आहे. हेच फिओफायटिन जिवंत पान मुद्दाम बाळगतं! पाण्यातून ऑक्सिजन मोकळा करणाऱ्या प्रत्येक प्रकाशकेंद्रात त्याचे नेमके दोन रेणू असतात. प्रकाशाने उसळलेला इलेक्ट्रॉन सेकंदाच्या काही लाख-कोटीव्या भागांत त्यांतल्या एकाकडे पोचतो. दुसरा या कामी येत नाही. तो नुसता बसून! आपण जो रंग बिघडला म्हणतो, त्याच रेणूवाचून पानाचा कारभार अडतो.

चिमूटभर सोडा घातला तर हिरवा रंग बराच टिकतो, पण आंबटपणा मरतो. मग अंबाडी खायची तरी कशाला? होऊ द्या तपकिरी.