जगाचा इतिहास : व्याख्यानातून आणि चर्चेतून

जागतिक इतिहास आपल्या शाळेत कसा शिकवला जातो, याविषयी पालकसभेत दरवर्षी विचारणा होते. एकाच प्रकरणाला दोन-दोन आठवडे का दिले जातात, मुले वर्गात इतका वेळ बोलत का असतात आणि या बोलण्याचा परीक्षेस उपयोग काय, असे प्रश्न येतात. प्रश्न रास्त आहेत. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे, म्हणून हा लेख. पद्धतीविषयी मोघम लिहिण्यापेक्षा एखादे प्रकरण वर्गात कसे उलगडत जाते, हे सांगणे आम्हांस अधिक बरे वाटते. त्यासाठी आम्ही फ्रेंच राज्यक्रांती निवडली आहे, आणि तिच्याबरोबरच पेटलेली, पण पाठ्यपुस्तकांत सहसा दोन-चार ओळींत आटोपणारी हैतीची क्रांती.

आधी व्याख्यान आणि मग चर्चा, हा क्रम आम्ही मोडत नाही. माहिती हाती नसताना केलेली चर्चा म्हणजे पारावरच्या गप्पा. ज्याचा आवाज मोठा, त्याचे मत खरे ठरते. म्हणून पहिले तीन-चार तास शिक्षक बोलतात, फळ्यावर सनावळी लिहितात, भिंतीवरचा नकाशा दाखवतात आणि मुले वहीत टिपणे घेतात. वहीच्या शेवटच्या पानांवर मात्र प्रत्येकाने आपले प्रश्न लिहायचे असतात. चर्चेच्या दिवशी ती पाने उघडली जातात. माजी विद्यार्थ्यांना ही प्रश्नांची पाने आठवत असतील.

फ्रान्सविषयीचे व्याख्यान फार लांबत नाही. समाजाचे तीन वर्ग, पहिल्या दोघांना करांत सवलत, तिसऱ्यावर राजाचा कर, चर्चचा दशांश आणि वर मिठाचाही कर. मिठाचे नाव निघताच मुलांना दांडी आठवते. ५ मे १७८९ रोजी व्हर्सायला भरलेली सभा, १४ जुलैचा बास्तीय, ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्कांचा त्याग आणि २६ ऑगस्टला संमत झालेला मानवी व नागरी हक्कांचा जाहीरनामा. त्याची सतरा कलमे आहेत. त्यांतली दोनच आम्ही फळ्यावर मांडतो. पहिल्या कलमाचा आशय असा की, माणसे जन्मतः स्वतंत्र असतात आणि हक्कांच्या बाबतीत समान असतात. सतराव्याचा आशय असा की, मालमत्तेचा हक्क पवित्र आहे, तो हिरावून घेता येणार नाही.

पहिली चर्चा याच दोन कलमांवर होते, आणि प्रश्न एकच असतो : पहिल्या कलमातील ‘माणसे’ म्हणजे कोण? मुले आपल्या टिपणांतून उत्तर शोधू लागतात. १७९१ च्या राज्यघटनेने मताधिकार दिला तो पंचवीस वर्षांवरील आणि किमान तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषांना. जवळपास पावणेतीन कोटींच्या देशात ते सुमारे चाळीस लाख होते. स्त्रिया त्यात नव्हत्या. ओलँप द गूज यांनी त्याच वर्षी स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्यांचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. फ्रेंच स्त्रियांना मताचा अधिकार मिळण्यास १९४४ साल उजाडावे लागले. हे वर्ष फळ्यावर आले की मुलींच्या बाकांवरून पुढचे प्रश्न येऊ लागतात.

यानंतर नकाशावर बोट अटलांटिक ओलांडून क्यूबाच्या शेजारी जाते. तेथील एका बेटाचा पश्चिम भाग फ्रान्सच्या ताब्यात होता. त्याचे नाव सँ-दोमँग. तेथे आफ्रिकेतून धरून आणलेले आणि त्यांच्या पोटी जन्मलेले सुमारे पाच लाख गुलाम ऊस व कॉफीच्या मळ्यांवर राबत होते, आणि त्या श्रमावर बोर्दो व नाँत या बंदरांतील पेढ्या श्रीमंत होत होत्या. व्हर्सायला हक्कांचा जाहीरनामा संमत झाला, त्या दिवशी या पाच लाख माणसांच्या आयुष्यात काहीच बदलले नाही. मळेवाल्यांनी उलट सतराव्या कलमाकडे बोट दाखवले. गुलाम ही आमची मालमत्ता आहे आणि मालमत्ता पवित्र आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकाच कागदावरील दोन कलमे एकमेकांसमोर उभी राहतात, हे मुलांना आम्ही सांगत नाही. त्यांना ते स्वतःला दिसते, आणि दिसले की वर्ग क्षणभर शांत होतो.

त्या वसाहतीत गोरे मालक आणि काळे गुलाम एवढेच लोक नव्हते. मिश्र वंशाचे व मुक्त झालेले सुमारे तीस हजार लोक मधल्या पायरीवर होते. त्यांतील काहींचे स्वतःचे मळे होते आणि स्वतःचे गुलामही. व्हँसाँ ओजे हा त्यांच्यातलाच एक धनिक. गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क मिळावेत म्हणून त्याने १७९० मध्ये बंड केले आणि पुढच्या वर्षी त्यास हालहाल करून मारण्यात आले. मात्र गुलामांच्या मुक्तीची मागणी त्याने केलेली नव्हती. हा भाग शिकवताना आम्हांस फारसे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. वरच्याशी समता हवी, खालच्याशी नको, ही श्रेणीबद्ध विषमता आमच्या मुलांना पुस्तकाबाहेरूनही ठाऊक असते.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मळ्यांवर गुलामांचा उठाव झाला. दोन वर्षांत वसाहतीतील फ्रेंच अधिकाऱ्यांना मुक्ती जाहीर करावी लागली आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या सभेने सर्व फ्रेंच वसाहतींतील गुलामी रद्द केली. हे स्वातंत्र्य दिले गेले की घेतले गेले? या प्रश्नावर एक पूर्ण तास जातो, आणि तो जावा असेच आम्हांस वाटते. चर्चेचा एक नियम आहे. बोलणाऱ्याने आधीच्या वक्त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, त्याने मान डोलावल्यावरच आपला मुद्दा मांडायचा. सुरुवातीस मुलांना तो जाचक वाटतो. मग ती ऐकू लागतात.

काही शाळांत अशा वेळी मुलांना मालक, व्यापारी, गुलाम अशा भूमिका देऊन प्रवेश बसवतात. आम्ही ते करत नाही. चाबूक खाणाऱ्याची नक्कल करताना वर्गात हसू फुटते, आणि ज्या घरांतून आमची बहुतेक मुले येतात, तेथे अपमान ही नाटकाची वस्तू नाही. व्यक्तीची बाजू कागदपत्रे वाचून मांडावी, सोंग आणू नये, असे आमचे मत आहे.

सर्वांत अवघड चर्चा तुसाँ लुव्हर्त्यूर यांच्याविषयी होते. जन्माने गुलाम असलेला हा माणूस सेनानी झाला आणि पुढे साऱ्या वसाहतीचा कारभारी झाला. मुलांना नायक हवा असतो, तो मिळतो. मग व्याख्यानात पुढचा भाग येतो : निर्यात चालू राहावी, म्हणून याच तुसाँने मुक्त झालेल्या मजुरांना मळे सोडून जाण्यास बंदी केली. वर्गात दोन तट पडतात. शस्त्रे विकत घ्यायला पैसा कोठून आणायचा, असे एक मुलगा विचारतो. मग तो मुक्त कसला, असे दुसरी विचारते. बोनापार्टने आपला मेहुणा लक्लेर यास मोठे सैन्य देऊन पाठवले आणि १८०२ मध्ये फ्रेंच वसाहतींत गुलामी पुन्हा कायदेशीर केली. तुसाँला पकडून फ्रान्सला नेण्यात आले. ७ एप्रिल १८०३ रोजी तेथील एका थंडगार किल्ल्यात ते कैदेत वारले. तरीही ते सैन्य हरले. १ जानेवारी १८०४ रोजी देसालिन यांनी स्वातंत्र्य घोषित केले आणि देशास हैती हे नाव मिळाले. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांच्या आज्ञेवरून उरलेल्या बहुतेक फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली, स्त्रिया व मुलेही त्यातून सुटली नाहीत. पंचशील म्हणून दिवस सुरू करणाऱ्या शाळेत हे शिकवावे काय, असे आम्हांस विचारले गेले आहे. शिकवावे, असेच आमचे उत्तर आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या हातूनही अन्याय होऊ शकतो, हे लपवले तर मुलांना अर्धाच इतिहास मिळतो, आणि अर्धा इतिहास कोणीही आपल्या सोयीने पुरा करतो.

या प्रकरणाचे धागे आपल्या मातीपर्यंत येतात, म्हणून त्यास आम्ही एक तास वेगळा देतो. फ्रेंच क्रांतीच्या समर्थनार्थ थॉमस पेन यांनी लिहिलेला मानवी हक्कांवरील ग्रंथ जोतीराव फुले यांनी तरुणपणी वाचला होता, आणि १८७३ मधील ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. मुले संविधानाची उद्देशिका रोज म्हणतात आणि त्यातील स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द फ्रान्सकडून आले, असे चर्चेत ठामपणे सांगतात. तेव्हा आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९५४ चे आकाशवाणीवरील भाषण पुढे ठेवतो. आपण ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतलेली नसून बुद्धांच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले होते. वर्गाला एवढेच विचारले जाते की, बाबासाहेबांना हा फरक सांगणे आवश्यक का वाटले असेल? सँ-दोमँग शिकून झाल्यावर मुलांची उत्तरे नेमकी होतात.

परीक्षेविषयी थोडक्यात. सनावळी पाठ करून घेण्यास आम्ही शेवटचा आठवडा राखून ठेवतो, आणि ज्या सनावर मुलाने वर्गात वाद घातलेला असतो, तो सन त्यास विसरत नाही.

या प्रकरणाची शेवटची चर्चा पैशाची असते. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने लढाऊ जहाजे पाठवून हैतीकडे १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. ती मालकांच्या बुडालेल्या मालमत्तेची होती, आणि त्या मालमत्तेत माणसेही मोजलेली होती. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली. ती फेडण्यासाठी हैतीने फ्रान्सच्याच पेढ्यांकडून कर्ज काढले आणि त्या देण्यातून निघालेली कर्जे १९४७ पर्यंत फिटत राहिली. १९४७ हा आकडा फळ्यावर पडताच मुले एकमेकांकडे पाहतात. कोणी कोणाचे देणे लागत होते, यावर घंटा होऊन गेल्यानंतरही वाद चालतो, कधी भोजनगृहाच्या रांगेपर्यंत. पुढच्या आठवड्याचे व्याख्यान ब्रिटनच्या १८३३ च्या गुलामगिरीविरोधी कायद्यावर असते. त्या कायद्याने २ कोटी पौंडांची भरपाई दिली, तीही मालकांनाच.